निळ्या मोराला पिवळी पिल्लं कशी काय झाली ओ?

"सर नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, नाव छापू नका. माझी अक्का आणि दाजी अमेरिकेत टेक्सासला असतात. तिकडं जागा भरपूर, म्हणून दाजींनी गेल्या दिवाळीत एक मोर आणि दोन लांडोरी विकत घेतल्या, तिथं पाळायला चालतात म्हणे. विकणाऱ्यानं 'प्युअर इंडिया ब्लू' म्हणून दिले. यंदा जूनमध्ये इन्क्युबेटरमध्ये सात पिल्लं निघाली, त्यातली चार तपकिरी, दोन पिवळी आणि एक दूध जास्त झालेल्या चहासारखं. दाजी म्हणतात फसवलं. अक्का म्हणते मशीन मधे दोन दिवस जास्त तापलेलं, म्हणून रंग उडाला. आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली पिवळी म्हणजे लक्ष्मी, कुणाला देऊ नका. आता दुसरं. इकडं आमच्या उसाच्या कडेनं एक लांडोर चार पिल्लं घेऊन फिरते, त्यातलं एक पांढरंशुभ्र. गावातला एकजण म्हणतोय धरून दे, चांगले पैसे देतो, नाहीतर खुडूक कोंबडीसोबत सोडून वाढवू. काय करावं? फोटो पाठवलेत."

भाऊ, पत्र वाचून मजा आली. दाजींचे फोटो मी तीनतीनदा झूम करून बघितले, माझी बायको म्हणाली लग्नाच्या अल्बमकडं एवढं बघितलं नव्हतं तुम्ही. असो.

पहिल्यांदा अक्कांना सांगा, मशीन तापल्यानं रंग बदलत नाही. मोराची अंडी साधारण साडेसदतीस डिग्रीवर 28 दिवस उबवायची असतात, उष्णता वरखाली झाली तर पिल्लं लवकर निघतील, उशिरा निघतील, पायात दोष येईल, आतच मरतील, पण तपकिरीचं पिवळं होणार नाही. रंग ठरतो तो अंड्यात जीव धरतो त्याच वेळी. ग्रहणात अंडी घातली, लांडोरीनं हळदीच्या वाफ्यात चोच मारली, ही सगळी त्याच जातीची कारणं. आणि कुणी तुम्हाला सांगितलं की मोराचे अश्रू पिऊन लांडोर अंडी देते तर हसून सोडून द्या, कोंबडा-कोंबडीचं जे असतं तेच मोर-लांडोरीचं, अश्रूबिश्रू काही नाही. तसं असतं तर बापाचा रंग पिल्लात उतरलाच नसता आणि मला हे पत्र लिहायची गरजच पडली नसती.

दाजींना शेजाऱ्याच्या पांढऱ्या मोराचा संशय असेल, किंवा विकणाऱ्याकडंच लांडोरी दुसऱ्या मोराला लागून आल्या असं वाटत असेल, तर तेही जमत नाही. पक्ष्याच्या मादीच्या पोटात नराचं बीज काही दिवस टिकतं हे खरं, कोंबडीत दोन-तीन आठवडे टिकतं, पण दिवाळीत आणलेल्या लांडोरीनं मे महिन्यात दिलेल्या अंड्यात मागचा मोर कुठून येणार? तेव्हा ही सात पिल्लं दाजींच्याच मोराची, भिंतीवरून शेजारचा मोर उडून आला नसेल तर.

मग झालं काय?

आपल्याकडं म्हण आहे बघा, खाण तशी माती. म्हण चुकीची नाही, पण आपण खाणीचं वरचं तोंड बघतो आणि मातीचा अंदाज बांधतो. आमच्या गल्लीत दोघं नवराबायको काळेसावळे आणि पोरगी घारी-गोरी झाली, लोक काय काय बोलले, मग कुणाच्यातरी लक्षात आलं की पोरीची पणजी कोकणातली, घाऱ्या डोळ्यांची. पणजीचं ते आजोबातनं बापात आलं, तिकडं आईच्या घरातनंही तसलंच काहीतरी आलं असणार, आणि दोन्ही एका जागी भेटली तेव्हा बाहेर दिसलं. (माणसाच्या डोळ्यांचा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा असतो पण मुद्दा तोच.) तोपर्यंत ते होतंच, गप्प बसून होतं.

मोरात हेच. प्रत्येक रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती, एक बापाकडनं एक आईकडनं. नेहमीचा निळा मोर ज्या जनुकांमुळं निळा दिसतो ती दांडगी, एक प्रत असली तरी आपलंच म्हणणं खरं करतात. दुसरी प्रत वेगळी असली तरी मोर दिसायला निळाच. अशा मोराला पाळणारे लोक 'स्प्लिट' म्हणतात, म्हणजे दिसतो एक, पोटात दुसरं घेऊन फिरतो. दोन स्प्लिट एकत्र आले की प्रत्येक अंड्यामागं चारात एक संधी अशी की दोन्ही दबलेल्या प्रती एकाच पिल्लात येतात, आणि मग घरात आरडाओरडा.

आता तुमच्या पिवळ्या दोघांकडं येऊ, कारण तिथंच खरी गंमत आहे. पिवळं पिल्लू बघितलं की सगळ्यांना वाटतं हे पांढरा मोर होणार. पांढऱ्या मोराची पिल्लं पिवळीच निघतात हे बरोबर. पण अजून एक प्रकार आहे, ब्लॅक शोल्डर, काळ्या खांद्याचा, त्याची पिल्लं पण पिवळसर निघतात! दोन्हीत फरक कुठं बघायचा, तर पंखात. लांडोरीची पिल्लं कोंबडीच्या पिल्लासारखी नुसती मऊ लव घेऊन येत नाहीत, अंड्यातनं निघतानाच पंखाची पिसं फुटलेली असतात, म्हणूनच पंधरा दिवसांत फांदीवर उडायला लागतात. पांढऱ्याच्या पिल्लाची ही पिसं स्वच्छ पांढरी असतात. ब्लॅक शोल्डरच्या पिसांत फिकट तपकिरी, बदामी झाक असते. तुमच्या फोटोत दोन्ही पिवळ्यांच्या पंखात ती झाक मला स्पष्ट दिसली, आईंच्या लक्ष्म्या काही पांढऱ्या होणार नाहीत बहुतेक.

आणि पुढं जे होईल ते बघून दाजी परत मला पत्र लिहितील म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. त्या दोघांत एक नर निघाला तर तो हळूहळू ठिपके-ठिपके काळपट होत जाईल, आणि मोठा झाल्यावर बापापेक्षा गडद दिसेल. दाजींच्या मोराच्या खांद्यावर, पंखाच्या वरच्या अंगाला, बदामी-काळ्या आडव्या रेघा आहेत बघा, आपल्या रानातल्या मोराला असतात तशा. या पोराला त्या रेघा नसणार, तिथं काळा चमकदार रंग येईल, निळी-हिरवी झाक मारणारा. आणि मादी निघाली तर ती मोठेपणीपण दुधट पांढरी राहील, अंगावर काळे-तपकिरी शिंतोडे, कुणीतरी ब्रश झटकल्यासारखे. भाऊबहीण, एकाच रंगाची पिल्लं, एक काळा होणार एक पांढरट, आणि जनुक एकच. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा झोप लागली नव्हती, खोटं नाही सांगत.

या काळ्या खांद्याच्या मोरानं मोठ्यामोठ्यांना चकवलंय, दाजी एकटे नाहीत. 1860 मध्ये स्क्लेटर नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं ही वेगळीच जात म्हणून तिला वेगळं शास्त्रीय नावपण देऊन टाकलं. पुढं डार्विननं 1868 मध्ये लिहिलं की नाही, ही वेगळी जात नसावी, कारण इंग्लंडात साध्या मोरांच्या कळपात हे काळ्या खांद्याचे पक्षी मधेच अचानक उगवल्याच्या बऱ्याच घटना त्याला कळल्या होत्या. म्हणजे तुमच्या दाजींच्या अंगणात जे झालं तेच, फक्त दीडशे वर्षं आधी आणि एखाद्या साहेबाच्या बागेत. डार्विनला हे साध्या मोरातनंच निघतंय हे बरोबर दिसलं पण का निघतंय ते सांगता आलं नाही, आणि त्याचं उत्तर त्याच्याच काळात 1866 साली मेंडेल नावाच्या एका मठातल्या पाद्र्यानं वाटाण्याच्या झाडांवरनं छापून ठेवलेलं होतं, 1900 सालापर्यंत कुणी फारसं ढुंकून बघितलं नाही. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मेंडेलचा धडा दरवर्षी पोरं जांभया देत ऐकायची, तेव्हा ही मोराची गोष्ट मला माहीत असती तर वर्ग जागा राहिला असता.

तर दाजींचा हिशेब असा. दोन पिल्लं ब्लॅक शोल्डर म्हणजे मोर नक्की स्प्लिट, आणि दोनपैकी किमान एक लांडोर स्प्लिट. कुठली ते आत्ता कळणार नाही कारण अंडी एकत्र मिसळली. पुढच्या सीझनला दोन्ही लांडोरींना वेगवेगळं कोंडून, मोराला आलटून पालटून सोडून, प्रत्येकीच्या अंड्यावर पेन्सिलनं खूण करायची, एवढं केलं की कळेल. स्केच पेन नको, शाई आत झिरपते. अजून एक, चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक नक्की असं नाही हां. प्रत्येक अंडं आपलं नशीब नव्यानं काढतं. चार पोरी झाल्या, आता पाचवा पोरगाच, असं म्हणणारी माणसं आपल्या गावात कमी नाहीत आणि त्या हिशेबानं किती घरात सात-सात लेकरं झाली ते तुम्हाला माहीत आहे. सातात दोन आली, पुढच्या वेळी दहात एक पण येणार नाही कदाचित, त्यात कुणी फसवलेलं नसतं.

आणि ती जी तपकिरी चार आहेत, ती 'शुद्ध' म्हणून दाजींनी कुणाला देऊ नयेत. आई-बाप दोन्ही स्प्लिट असतील तर नेहमीच्या दिसणाऱ्या तीन पिल्लांमागं सरासरी दोन पोटात तेच घेऊन फिरत असतात. दिसायला चोख. दाजींना जसं मिळालं तसंच ते पुढं देतील, आणि तिसऱ्याच कुणाचे दाजी मला पत्र लिहितील.

आता चहावालं. हे पिल्लू मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण त्यानं न बोलता एक गोष्ट सांगून टाकलीय. पाळणारे ज्याला कॅमिओ म्हणतात तो रंग असावा, किंवा पीच म्हणतात तो असेल, पण दोन्ही रंगांची जनुकं झेड नावाच्या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेली. माणसात बाई एक्स-एक्स आणि गडी एक्स-वाय हे तुम्ही शाळेत शिकलाय. पक्ष्यांत उलटं, नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे मादीकडं झेड एकच. त्या एका झेडवर कॅमिओ असेल तर झाकायला दुसरी प्रतच नाही, ती उघड कॅमिओच दिसणार, लपवून ठेवणं लांडोरीला या रंगात जमतच नाही. दाजींच्या दोन्ही लांडोरी साध्या तपकिरी-हिरव्या आहेत, म्हणजे त्यांच्याकडं कॅमिओ नाही, संपलं. मग आलं कुठनं? मोराकडनं. त्याच्या एका झेडवर कॅमिओ, दुसऱ्यावर साधा, म्हणून तो दिसतो निळा. नर पिल्लाला आईकडनं साधा झेड मिळतो तेव्हा तो झाकला जातो, मादी पिल्लाला बापाचा एकच झेड मिळतो, तो कॅमिओवाला आला की उघड. तेव्हा, अक्कांना सांगा, चहावालं पिल्लू मुलगी आहे. साध्या निळ्याच्या पिल्लांत नर कुठला मादी कुठली ते कळायला कित्येक महिने जातात, मानेवर हिरवी-निळी झाक यायला लागेपर्यंत पाळणारे भांडत बसतात, आणि हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. नाव ठेवायचं असेल तर ठेवा. उन्हात तिची पिसं विटतील मात्र, कॅमिओ रंग उन्हानं फिका पडतो, त्याला आजार समजून औषध घालू नका.

म्हणजे बघा, दाजींचा तो एक साधासुधा निळा मोर, आणि त्याच्या पोटात काळा खांदा पण, कॅमिओ पण. असा पक्षी रंगीबेरंगी मोर एकत्र ठेवणाऱ्याच्या फार्मवरच तयार होतो. फसवलं का? माझं मत विचाराल तर, निळा म्हणून निळाच दिला, मोर खोटा नाही, पण 'प्युअर' म्हणाला तिथं तो चुकला. त्याला माहीत नसेल असंही होऊ शकतं, अनेकांना आपल्या कळपाच्या आजी-आजोबांचा पत्ता नसतो. भांडण करण्यापेक्षा दाजींनी त्याला एवढंच विचारावं की या मोराचे आईबाप कोण, भाऊबहीण कुठल्या रंगाचे निघाले. आणि खरं सांगू का, तिकडं ब्लॅक शोल्डर आणि कॅमिओला साध्या निळ्यापेक्षा मागणी कमी नाही, तक्रार करायला गेले तर तो परत मागायचा.

पोटातली प्रत बाहेर दिसतच नाही का कधी? दिसते, पांढऱ्याच्या बाबतीत दिसते थोडी. पांढऱ्याची एकच प्रत असलेला मोर निळाच असतो पण पुष्कळदा उडायच्या पिसांत एखाददुसरं पांढरं पीस, किंवा गळ्याखाली पांढरा ठिपका घेऊन येतो. दाजींच्या मोराच्या पंखात मला तसं काही दिसलं नाही, पण फोटो मान वळवून काढलाय, परत नीट बघायला सांगा. बाजारात निळा-पांढरा चट्ट्यांचा पाइड मोर मिळतो, त्याची भानगड याहून मोठी, दोन पाइड एकत्र केले तरी पिल्लं सगळी पाइड निघत नाहीत, पाव हिस्सा पांढरी निघतात. दाजींना तो घ्यायची हौस आली तर आधी मला विचारा म्हणावं.

मधेच एक कामाचं. दाजींकडं कोंबड्या असतील तर मोराची पिल्लं त्यांच्याच मातीत सोडू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंतांबरोबर ब्लॅकहेड नावाचा रोग येतो, कोंबडीला तो फारसा काही करत नाही, लांडोरीच्या पिल्लाला यकृत सडवून मारतो. रंगाचं कोडं सोडवत बसायचं आणि पिल्लं मेलेली, असं नको.

आता तुमच्या उसाच्या कडेचं पांढरं.

यावर आधी माझीच एक फजिती सांगतो. शाळेत असताना मी सरळ शिकवायचो, पांढरा मोर म्हणजे अल्बिनो. एकदा सहल नेली, तिथल्या झूमध्ये पांढरा मोर होता, आणि मागच्या बाकावरची एक पोरगी, जी वर्गात कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, सर याचे डोळे तर काळे आहेत, आपल्या पुस्तकात अल्बिनोचे डोळे गुलाबी लिहिलेत. मी काय बोलणार? आईस्क्रीम घेऊन दिलं तिला आणि घरी येऊन वाचत बसलो. अल्बिनोच्या अंगात मेलॅनिन हे काळं द्रव्य बनतच नाही, म्हणून डोळे लालसर-गुलाबी. पांढऱ्या मोरात डोळ्यातलं द्रव्य शाबूत असतं. पिसात रंग भरणाऱ्या पेशी पिल्लू अंड्यात असताना पाठीच्या कण्याकडनं निघून कातडीत पसरतात, आणि डोळ्याच्या आतला काळा पडदा डोळ्याच्याच जागी तयार होतो, त्याला प्रवास करावा लागत नाही. पहिल्यांत बिघाड झाला तरी दुसरा ठीक राहतो. याला ल्युसिझम म्हणतात. तुमच्या फोटोत पिल्लाचा डोळा काळाच आहे.

आणि मोराचा निळा म्हणजे निळा रंग नसतोच मुळी, हे ऐकून आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर रागावले होते. पिसात आहे ते काळं-तपकिरी मेलॅनिनच, त्याच्या बारीक बारीक काड्या अशा शिस्तीत रचलेल्या असतात की उजेडातला निळा-हिरवा तेवढा परत फिरतो, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, साधारण तसलंच. मेलॅनिनच नाही आलं तर काड्या नाहीत, काड्या नाहीत तर निळा नाही. पांढऱ्या मोराच्या पिसाऱ्यातपण डोळे असतात, उन्हात तिरकं धरलं की नक्षी दिसते, फक्त रंगाविना.

तर तुमच्या लांडोरीला आणि तिच्या त्या मोराला, दोघांनाही पांढऱ्याची एकेक प्रत असणार. रानात हे कमी दिसतं, पण एकाच शिवारात पिढ्यान् पिढ्या तेच तेच कळप असले की नात्यातलेच एकत्र येतात आणि दबलेलं वर येतं. पांढरं पिल्लू हिरव्या उसात कोल्ह्याला, मुंगसाला, गावातल्या भटक्या कुत्र्याला आणि वरनं घारीला लांबनं दिसतं, तपकिरी भावंडं पाचोळ्यात बसली की दिसेनाशी होतात. त्यामुळं रानात पांढरा मोर मोठा झालेला क्वचितच आढळतो. तुमचं हे वाचेल का? लांडोर चांगली सांभाळतेय असं फोटोवरनं वाटतं, आणि एकदा पिल्लं रात्री झाडावर बसायला लागली की निम्मं संकट टळतं.

पण धरायचं नाही. हे मी जरा आवाज चढवून सांगतोय.

टेक्सासात मोर विकत मिळतो म्हणून खानापुरात पण चालतं असं नाही. आपल्याकडं 1963 पासून तो राष्ट्रीय पक्षी, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पिल्लू धरणं, अंडी उचलणं, घरी पाळणं, विकणं, सगळं गुन्हा, तीन ते सात वर्षं जेल आणि कमीत कमी पंचवीस हजार दंड. पांढरा असला म्हणून वेगळा पक्षी होत नाही, कायद्याला रंग दिसत नाही. मराठीत मोर म्हणा नाहीतर शेजारचे कन्नडवाले म्हणतात तसं नविलु म्हणा, कलम तेच लागतं. आपोआप गळलेली पिसं मुलांनी गोळा करून घरात लावली तर चालतं, श्रावण-भाद्रपदात मोर पिसारा टाकतो तेव्हा बांधावर सापडतातच.

पैसे देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला स्पष्ट नाही म्हणा. तो पकडला गेला तर पहिलं नाव तुमचं घेईल, मी लिहून देतो. खुडूक कोंबडीची आयडिया पण सोडा, कोंबडीसोबत वाढलं तर ब्लॅकहेडचं वर सांगितलंच, आणि त्यातनं वाचलं तरी माणसाला सोकावलेला मोर परत रानात टिकत नाही, शेवटी तो कुणाच्यातरी दारात बांधलेला सापडतो. पिल्लू खरंच जखमी दिसलं, किंवा लांडोर मेली, तर वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन आर.एफ.ओ.ना, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना सांगा, स्वतः उचलून घरी आणू नका. आणि तो माणूस परत आला तरी तेच, तिथंच जाऊन सांगा, तुमचं नाव न घेता सांगितलं तरी चालतं.

फोटो मला पाठवलात ते ठीक, पण स्टेटसला ठेवू नका. रीलपण नको. पांढरा मोर आमच्या शिवारात, खाली गावाचं नाव, मागं ओळखीचं देऊळ, दुसऱ्या दिवशी पंधरा गाड्या येतात, नंतर अजून कोण येतं ते सांगायला नको. पोरांना पण समजावून सांगा, नुसतं ओरडू नका, ती ऐकत नाहीत.

ऊस तोडीची काळजी करू नका, तोडकरी येईपर्यंत दिवाळी उलटेल, तोवर पिल्लं चांगली उडणारी झालेली असतील. कुत्रं तेवढं बांधून ठेवा सकाळ-संध्याकाळ, चरायची वेळ तीच. आणि जमलं तर बांधाकडच्या त्या चिंचेच्या फांद्या यंदा छाटू नका, फोटोत दिसतेय ती, रात्री बसायला त्यांना दुसरं झाड जवळपास दिसत नाही मला.

अक्कांना म्हणावं चहावालीचा पंख उघडून एक फोटो पाठवा, उजेडात, फ्लॅश न मारता. कॅमिओ की पीच ते मलाच बघायचंय.